सीरियल पोर्टवरून लॉगिन: वाचनालयाच्या डेबियन मशीनला जुनं टर्मिनल जोडायचंय

काजवा | १२ जून, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. कोकणातल्या आमच्या गावच्या वाचनालयाचं मशीन मी सांभाळतो. जुना डेस्कटॉप आहे, वर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), त्यात ग्रंथसूची आणि वर्गणीचा हिशेब. मॉनिटर नाही, मी घरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, आत जातो. गेल्या पंधरवड्यात फायरवॉलचा एक नियम बदलताना माझ्याकडून चूक झाली आणि एसएसएचचं दारच बंद झालं. मॉनिटर उसना आणेपर्यंत दोन दिवस गेले. ते दोन दिवस ग्रंथपाल बाईंनी देवघेव वहीत लिहिली आणि नंतर रात्री बसून सगळी पुन्हा मशीनमध्ये भरली. ते बघून फार वाईट वाटलं.

म्हणून नेटवर्क बंद पडलं तरी उघडेल असं दुसरं दार हवंय. पुण्याच्या जुन्या बाजारात एक वायस ६० टर्मिनल (तारेवरून आलेला मजकूर दाखवणारा पडदा आणि कळफलक) मिळालं, चालू स्थितीत. मशीनच्या मागे ९ पिनांचा सीरियल पोर्ट आहे, टर्मिनलला २५ पिनांचा. घरात पडलेली जुनी मोडेमची (फोनच्या तारेवरून संगणक जोडणाऱ्या यंत्राची) केबल लावली आणि त्या पोर्टवर लॉगिन चालू करायला ही आज्ञा दिली:

सिस्टमसीटीएल एनेबल --नाऊ सीरियल-गेटी@टीटीवायएस०.सर्व्हिस

सर्व्हिस चालू दिसते, टर्मिनलवर मात्र काहीच नाही. नुसता कर्सर लुकलुकतोय. कुठे बघू?

(आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थातच रोमन, आणि बहुतेक सगळी लहान अक्षरं.)

---

घाटमाथा | १२ जून, रात्री १०:१५

एवढा खटाटोप कशाला? फायरवॉल बदलण्याआधी दहा मिनिटांनी जुने नियम परत आणणारी आज्ञा 'अ‍ॅट'ने (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीने) लावून ठेवायची. चुकलं तर आपोआप पूर्ववत. मी वर्षानुवर्षं तेच करतो.

---

काजवा | १२ जून, रात्री १०:३०

घाटमाथा, ही सवय आजपासून मीही लावतो, आभार. पण आमच्याकडे पावसात राउटर जळतो, स्विच जळतो. डिस्कवर फाइलसिस्टमची चूक निघाली की मशीन बूट होतानाच अडकतं, तिथे नेटवर्क वर आलेलंच नसतं. अशा वेळी मी गावात असेनच असं नाही. ग्रंथपाल बाईंना फोनवर सांगून त्यांच्याकडून दुरुस्ती करून घेता यावी, एवढी इच्छा आहे.

---

जुनी_वायर | १३ जून, सकाळी ६:४०

काजवा, केबल बदला. बाकी कशाला हात लावू नका.

संगणक आणि टर्मिनल ही दोन्ही एकाच जातीची टोकं. दोघंही आपापल्या 'पाठव' पिनेवर बोलतात आणि 'घे' पिनेवर ऐकतात. मोडेमची केबल सरळ असते, म्हणजे तुमच्याकडे दोघंही एकाच तारेवर बोलतायत आणि दुसऱ्या तारेवर दोघंही कान लावून बसलेत. इथे उलटी केबल लागते, तिला नल मोडेम म्हणतात.

९ पिनांच्या संगणकी पोर्टवर २ म्हणजे घे, ३ म्हणजे पाठव, ५ म्हणजे ग्राउंड. २५ पिनांच्या टर्मिनलवर २ म्हणजे पाठव, ३ म्हणजे घे, ७ म्हणजे ग्राउंड. त्यामुळे तुमच्या बाबतीत उलटी केबल कागदावर सरळ दिसते: २ ला २, ३ ला ३ आणि ५ ला ७. बाजारात ९ ते २५ ची जी तयार केबल मिळते ती २ ला ३ आणि ३ ला २ अशी असते. ती मोडेमसाठी बरोबर, तुमच्यासाठी चूक. इथेच भलेभले फसतात. तीन तारा स्वतः डाखवा (सोल्डर करा), अर्ध्या तासाचं काम आहे.

मी नव्वदच्या दशकात बँकांच्या शाखांमध्ये हीच कामं करायचो. आत एक युनिक्स मशीन, त्यात आठ किंवा सोळा पोर्टांचं कार्ड, आणि काउंटरवर हिरव्या-पिवळ्या अक्षरांची डम्ब टर्मिनलं. दहापैकी आठ तक्रारी तारेच्या निघायच्या.

---

रात्रपाळी | १३ जून, सकाळी ७:०५

जुनी_वायर काकांना पूर्ण अनुमोदन. एक भर घालतो. तार जोडण्याआधी मशीनचा पोर्ट जिवंत आहे का ते बघा. 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) संदेशांत, टीटीवायएस० (पहिला सीरियल पोर्ट) शोधा. खरा पोर्ट असेल तर त्यापुढे १६५५०ए असं चिपचं नाव येतं. /डेव्ह मध्ये टीटीवायएस१, २, ३ अशी नावं नुसती दिसली म्हणजे पोर्ट असतोच असं नाही.

मग पोर्टच्या २ आणि ३ पिना एका तारेच्या तुकड्याने जोडा, पिकोकॉम (सीरियल पोर्टवर बोलायचा छोटा कार्यक्रम) उघडा आणि टाइप करा. पिकोकॉम स्वतःहून अक्षरं दाखवत नाही. म्हणजे पडद्यावर अक्षर उमटलं तर ते पिनेतून बाहेर जाऊन परत आलं. बाहेर पडायला कंट्रोल-ए, मग कंट्रोल-एक्स.

---

काजवा | १३ जून, दुपारी २:२०

रात्रपाळी, पिना जोडल्या आणि भलतंच झालं. पिकोकॉममध्ये काही अक्षरं येतात, काही गायब होतात. जर्नल (मशीनची नोंदवही) उघडून बघितलं तर अपयशी लॉगिनच्या नोंदींची रांग लागलेली. घाबरून तारेचा तुकडा काढला. कोणी आत शिरायचा प्रयत्न करतंय का?

---

रात्रपाळी | १३ जून, दुपारी २:४५

कोणी नाही, निर्धास्त राहा. चूक माझी, आधी गेटी थांबवायला सांगायचं राहिलं. गेटी म्हणजे पोर्टवर बसून 'लॉगिन' असं विचारणारा कार्यक्रम. तुम्ही २ आणि ३ जोडल्यावर त्याचाच प्रश्न त्याच्याकडे परत आला. तो त्याला कुणीतरी टाइप केलेलं नाव वाटला, त्याने पासवर्ड विचारला, तोही परत आला, आणि हे चक्र चालूच राहिलं. वर पिकोकॉमही त्याच पोर्टवरून वाचत होतं, म्हणून अक्षरं दोघांत वाटली गेली.

सिस्टमसीटीएल स्टॉप सीरियल-गेटी@टीटीवायएस०

हे करून पुन्हा बघा. एका वेळी पोर्टवर एकच वाचणारा, हा नियम कायम पाळा. यूएसबीची सीरियल केबल वापरणाऱ्यांनी आणखी दोघांवर लक्ष ठेवा. मोडेममॅनेजर नवा पोर्ट दिसला की त्यावर मोडेमच्या आज्ञा पाठवून बघतो. उबुंटू २२.०४ मध्ये तर ब्रेल पडद्यांसाठीचा बीआरएलटीटीवाय सीएच३४० चिपची केबल स्वतःकडे ओढून घ्यायचा आणि टीटीवाययूएसबी० दिसेनासाच व्हायचा. ब्रेल पडदा वापरत नसाल तर ते पॅकेज काढून टाका.

---

सोनचाफा | १३ जून, रात्री ८:१०

मी घरी फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी (युनिक्सच्या वळणाच्या दोन प्रणाली) वापरते, तिथली पद्धत सांगून ठेवते. कुणाला तरी लागेल.

तिथे सिस्टमडी, म्हणजे डेबियनमध्ये सर्व्हिस चालवणारा कार्यक्रम, नाही. /ईटीसी/टीटीवायएस नावाची एक फाइल, प्रत्येक पोर्टाची एक ओळ. फ्रीबीएसडीत पहिला पोर्ट टीटीवाययू०. त्या ओळीत गेटीपुढे '३वायर' लिहिलेलं असतं, नंतर टर्मिनलचा प्रकार, मग 'ऑनइफकन्सोल'. हा पोर्ट कर्नलचा कन्सोल असेल तरच चालू कर, असा त्याचा अर्थ. काजवांसारखं नुसतं टर्मिनल लावायचं असेल तर तिथे 'ऑन' करायचं आणि किल -एचयूपी १ देऊन इनिटला फाइल पुन्हा वाचायला लावायची. ओळीच्या शेवटी 'सिक्युअर' असेल तर रूटला (सर्वाधिकारी खात्याला) त्या पोर्टवरून थेट आत येता येतं. सार्वजनिक जागेत मी ते काढून टाकेन.

'३वायर' हे नाव मला फार आवडतं. तीनच तारा आहेत, कॅरिअरची वाट बघू नको, असं ते गेटीला सांगतं. हे नसेल तर गेटी पोर्ट उघडतानाच अडून बसतो, कारण पलीकडे मोडेमने फोन उचलल्याचा इशारा, म्हणजे ९ पिनांतली १ नंबरची पिन, कधी येतच नाही. लिनक्सच्या गेटीत, म्हणजे अगेटीत, हेच काम मोठ्या अक्षरातला -एल करतो.

ओपनबीएसडीत पोर्ट टीटीवाय००. ओळीत 'ऑफ'चं 'ऑन' करायचं आणि 'अननोन'च्या जागी व्हीटी२२० लिहायचं. बूटचे संदेशही हवे असतील तर /ईटीसी/बूट.कॉन्फ मध्ये 'सेट टीटीवाय कॉम०'.

---

काजवा | १४ जून, रात्री ९:३०

मोठी प्रगती! जुनी_वायर काका, तीन तारांची केबल डाखवली. आधी पूर्ण कचरा आला. मग लक्षात आलं की गेटीचा वेग टर्मिनलशी जुळत नाहीये, टर्मिनल ९६०० वर आहे. सिस्टमसीटीएल एडिट करून वेग ९६०० केला. तिथे एक गोष्ट कळली. नवी एक्झेकस्टार्ट लिहिण्याआधी एक रिकामी एक्झेकस्टार्ट= लिहावी लागते, नाहीतर दोन ओळी झाल्या म्हणून सर्व्हिस सुरूच होत नाही. आता माझी ओळ अशी:

एक्झेकस्टार्ट=-/एसबिन/अगेटी -एल ९६०० %आय डब्ल्यूवाय६०

यातला आय मोठा. आता अक्षरं दिसतात, पण अर्धीच! 'लॉगिन' या शब्दात एल, ओ आणि आय स्वच्छ, जी आणि एन च्या जागी ठोकळे, शेवटचा विसर्गासारखा कोलन पुन्हा बरोबर. दर वेळी तेच ठोकळे, त्याच जागी. तार सैल आहे का?

---

जुनी_वायर | १५ जून, सकाळी ६:१५

तार उत्तम आहे. सैल तार कधीही, कुठेही चुकते. तुमची चूक दर वेळी त्याच अक्षरावर होतेय, म्हणजे ती हिशेबाची चूक आहे. टर्मिनल ७ बिट आणि सम पॅरिटीवर आहे, मशीन ८ बिट आणि पॅरिटी नाही यावर.

कागद घेऊन बघा. प्रत्येक अक्षर सात बिटांचं. एल म्हणजे ११०११००, त्यात एक चार वेळा. ओ म्हणजे ११०११११, सहा वेळा. आय ११०१००१, चार वेळा. कोलन ०१११०१०, चार वेळा. सगळे सम. आता जी बघा: ११००१११, पाच वेळा. एन ११०१११०, पाच वेळा. विषम. सम पॅरिटीवरचं टर्मिनल म्हणतं, एकांची संख्या विषम असेल तर आठवा बिटही एक करून ती सम झालेली मला दिसली पाहिजे. तुमचं मशीन आठवा बिट नेहमी शून्यच पाठवतं. म्हणून सम अक्षरं पास आणि विषम अक्षरं ठोकळा. बरोबर तीच दोन.

टर्मिनलच्या सेटअपमध्ये ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट करा आणि जपून ठेवा.

हे मला एका वरिष्ठांनी साताऱ्याकडच्या एका शाखेत, पावतीच्या पाठीवर लिहून शिकवलं होतं. त्यानंतर आस्की तक्ता (कुठल्या अक्षराचे कुठले बिट ते सांगणारा) पाठ केला आणि ठोकळे बघून पॅरिटी सांगायची सवय लागली.

---

चिंचबन | १५ जून, सकाळी ९:२०

काका, साष्टांग नमस्कार. इतकी वर्षं ८एन१ (८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट) असं आंधळेपणाने लिहीत आलो, आज पहिल्यांदा त्यामागचं कारण कळलं. वाचनखूण साठवली.

---

काजवा | १५ जून, रात्री ८:०५

काका, शब्द नाहीत. सेटअप बदलला आणि पहिल्याच फटक्यात लॉगिनची ओळ स्वच्छ. नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आत. पिवळ्या अक्षरांत शेल उघडलेला बघून ग्रंथपाल बाई आणि मी दोघंही दोन मिनिटं नुसते बघत उभे राहिलो.

आता उरलेल्या अडचणी. एक, नॅनो एडिटर उघडत नाही, 'डब्ल्यूवाय६० टर्मिनल उघडता येत नाही' अशा अर्थाचा संदेश येतो. दोन, मोठी फाइल कॅटने दाखवली की मधल्या ओळी गळतात. तीन, वाचनालयात सगळ्या फाइलींची नावं मराठीत आहेत, ती टर्मिनलवर विचित्र चिन्हांसारखी दिसतात.

---

रात्रपाळी | १५ जून, रात्री ११:५०

पहिलं सोपं आहे. डेबियनच्या मूळ पॅकेजात मोजक्याच टर्मिनलांची वर्णनं असतात. वायसची वर्णनं एनकर्सेस-टर्म या पॅकेजात आहेत, ते टाका. नेटवर्क चालू आहे तोवरच टाका.

दुसरं: तीन तारांवर 'थांब जरा' सांगायला वेगळी तार नाही. म्हणून टर्मिनलने ते अक्षरांतूनच सांगायचं. कंट्रोल-एस म्हणजे थांब, कंट्रोल-क्यू म्हणजे चालू दे. टर्मिनलच्या सेटअपमध्ये एक्सऑन-एक्सऑफ हँडशेक चालू करा. मशीनच्या बाजूला एसटीटीवाय -ए (पोर्टच्या सेटिंग्ज दाखवणारी आज्ञा) मध्ये 'आयएक्सऑन' दिसलं पाहिजे, त्याच्याआधी वजा चिन्ह नको. 'सीआरटीएससीटीएस' मात्र बंदच हवं. त्याला वेगळ्या तारा लागतात, त्या नसताना तो चालू केलात तर मशीन कायमचं वाट बघत बसेल.

आणि बाईंना एक गोष्ट नक्की सांगून ठेवा: पडदा अचानक गोठला तर आधी कंट्रोल-क्यू दाबा. सेव्हच्या सवयीने कंट्रोल-एस दाबलं जातं आणि लोक मशीन बंद पडलं समजून वीज काढतात. डेटासेंटरमध्येही हे घडताना पाहिलंय.

वेगाचा अंदाज असू द्या. ८एन१ मध्ये एका अक्षराला स्टार्ट आणि स्टॉप धरून १० बिट लागतात. म्हणजे ९६०० वर सेकंदाला ९६० अक्षरं. ८० बाय २४ चा पडदा १९२० अक्षरांचा, तो भरायला पूर्ण दोन सेकंद. माणसाच्या वाचनाला पुरेसं आहे, पण जर्नल पाहताना लेस (पानापानाने दाखवणारी आज्ञा) वापरा, अख्खं ओतू नका.

---

सोनचाफा | १६ जून, सकाळी १०:३०

तिसऱ्याबद्दल मी बोलते, कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. 'मराठी' म्हणजे म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी, अशी पाच चिन्हं, १५ बाइट. वायस ६० च्या जमान्यातलं टर्मिनल एक बाइट म्हणजे एक अक्षर असंच मानतं, त्यामुळे ते पंधरा भलतीच चिन्हं काढतं. याला टर्मिनलवर उपाय नाही. त्या लॉगिनपुरतं एलसी_ऑल=सी करा, म्हणजे नुसती आस्की अक्षरं. फाइलींची यादी देणारी एलएस मग निदान आकडे दाखवेल, पडदा बिघडणार नाही. दुरुस्तीची फाइल नावाने उघडावी लागू नये म्हणून महत्त्वाच्या फाइलींना रोमन नावाचा एक दुवा करून ठेवा.

पण देवनागरी दाखवणारी टर्मिनलं होती बरं का! पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्रावर चालणारी टर्मिनलं युनिक्सच्या मशीनला अशाच सीरियल तारेने जोडली जायची. त्यांची अक्षरं इस्कीत असायची, १९९१ चं भारतीय मानक आयएस १३१९४. त्यात आस्की खालच्या अर्ध्या भागात तशीच ठेवून भारतीय लिपी वरच्या अर्ध्या भागात बसवली, म्हणजे आठवा बिट लिपीसाठी कामी आला. आता काकांचा पॅरिटीचा हिशेब आठवा. सात बिट आणि पॅरिटी ठेवली असती तर त्या तारेवरून एकही मराठी अक्षर गेलं नसतं. आपली लिपी त्या आठव्या बिटातून चालायची, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

---

जुनी_वायर | १६ जून, दुपारी १२:१०

सोनचाफा ताई, छान आठवण काढलीत. ती टर्मिनलं मी लावलेली नाहीत, पण पाहिली आहेत.

काजवा, एक काळजीचं सांगतो. टर्मिनल आणि मशीन एकाच खोलीत, एकाच अर्थिंगवर ठेवा. आरएस-२३२-सी मध्ये केबलची मर्यादा ५० फूट सांगितलेली आहे, ती वेगापेक्षाही या कारणाने पाळावी असं मला वाटतं. एका शाखेत टर्मिनल मागच्या इमारतीत नेलं होतं, वेगळ्या मीटरवर. पहिल्या वळवाच्या पावसात दोन्ही बाजूंच्या पोर्टवरच्या १४८८ आणि १४८९ चिपा गेल्या. दोन इमारतींच्या ग्राउंडमधला फरक तुमच्या तिसऱ्या तारेतूनच वाहतो. लांब न्यायचंच असेल तर मध्ये ऑप्टिकल आयसोलेटर लावा. आणि कोकणात आहात तर विजा सुरू झाल्या की केबल काढून ठेवायची शिस्त बाईंना लावा.

---

तिसरा_पाट | १६ जून, सायंकाळी ७:००

माझ्याकडे रास्पबेरी पाय (एका छोट्या बोर्डवरचा संगणक) आहे. त्याच्या पिना ८ आणि १० वर सीरियल आहे असं वाचलं. हीच केबल थेट लावू का?

---

रात्रपाळी | १६ जून, सायंकाळी ७:०४

अजिबात लावू नका. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या. टर्मिनलच्या तारेवर उणे १२ ते अधिक १२ असं काहीही येऊ शकतं, पाय क्षणात जाईल. मध्ये मॅक्स३२३२ चं छोटं बोर्ड लागतं, मुंबईला लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतं. कॉन्फिग.टीएक्सटी मध्ये एनेबल_यूएआरटी=१ हवं. सविस्तर हवं असेल तर वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

---

काजवा | १८ जून, रात्री १०:४०

तिन्ही अडचणी सुटल्या. आता बूटचे संदेशही हवेत म्हणून कर्नलला कन्सोल=टीटीवायएस०,९६००एन८ दिलं. त्यानंतर मॉनिटर लावून बघितला तर त्यावर कर्नलचे संदेश येईनासे झाले. दोन्हीकडे मिळत नाही का?

---

घाटमाथा | १८ जून, रात्री ११:००

मिळतं. मी सुरुवातीला 'कशाला' म्हणालो होतो, पण हा धागा वाचून घरच्या मशीनला मीही लावलं, म्हणून ताजं आहे. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब (मशीन बूट करणाऱ्या ग्रबची फाइल) मध्ये दोन्ही लिहा: आधी कन्सोल=टीटीवाय०, मग कन्सोल=टीटीवायएस०,९६००एन८. संदेश दोन्हीकडे जातात, पण जो शेवटी लिहिला तोच /डेव्ह/कन्सोल होतो. बूट अडकल्यावर रूटचा पासवर्ड विचारणारा दुरुस्तीचा शेल त्याच्यावरच येतो. तुम्हाला तो टर्मिनलवर हवाय, म्हणून सीरियल शेवटी.

ग्रबचा मेनूही तिथे हवा असेल तर ग्रब_टर्मिनल="सीरियल कन्सोल" आणि ग्रब_सीरियल_कमांड="सीरियल --युनिट=० --स्पीड=९६००". मग अपडेट-ग्रब. कर्नलचा कन्सोल सीरियल केला की सिस्टमडी त्या पोर्टवर गेटी आपणहून लावतो, वेगळं एनेबल लागत नाही. तुमची एडिट केलेली ओळ मात्र ठेवा, ती वेग आणि टर्मिनलच्या प्रकारासाठी लागतेच.

---

चिंचबन | १९ जून, सकाळी ८:३०

बाईंना पासवर्ड टाकायला नको म्हणून अगेटीचा --ऑटोलॉगिन लावला तर?

---

सोनचाफा | १९ जून, सकाळी ९:१५

नको. वाचनालयात दिवसभर मुलं येतात, टर्मिनल टेबलावर उघडं आहे. बाईंचं वेगळं खातं करा, सुडोमध्ये (रूटच्या आज्ञा इतरांना देणाऱ्या सोयीत) त्यांना मोजक्याच आज्ञा द्या: नेटवर्क पुन्हा सुरू करणं, फायरवॉल जुन्या नियमांवर नेणं, मशीन नीट बंद करणं. आणि काम झालं की एक्झिट करायची सवय. केबल काढली म्हणजे लॉगआउट झालं, असं तीन तारांवर होत नाही. कॅरिअरकडे आपणच दुर्लक्ष करायला सांगितलंय, त्यामुळे सत्र तसंच उघडं राहतं. शेलमध्ये टीएमआउट=३०० टाकलं तर पाच मिनिटांनी आपोआप बाहेर.

---

काजवा | २७ जून, रात्री ९:१०

परवा पहाटेपासून पाऊस, दुपारी स्विच गेला. मी चिपळूणला होतो. बाईंनी फोन केला, टर्मिनल चालू केलं, स्वतःच्या नावाने आत गेल्या. मी आज्ञा एकेक अक्षर सांगत गेलो, त्या टाइप करत गेल्या. 'आयपी ए' मध्ये नेटवर्क कार्ड ठीक, नुसती लिंक खाली, म्हणजे तारेपलीकडून संकेत नाही. म्हणजे मशीन चांगलं आहे, स्विच बदलायचा, हे दहा मिनिटांत कळलं. त्यांनी टर्मिनलवरूनच मशीन नीट बंद केलं आणि केबल काढून ठेवली.

एक बारीक प्रश्न राहिला. लेस उघडलं की बाईंना खालची एक ओळ दिसत नाही.

---

जुनी_वायर | २८ जून, सकाळी ६:०५

बाईंचं मनापासून कौतुक, त्यांना कळवा.

सीरियल तारेवरून मशीनला पडद्याचा आकार कळत नाही, ते टर्मिनलच्या वर्णनावरून अंदाज करतं. लॉगिननंतर एसटीटीवाय साइझ बघा. आकडे पडद्याशी जुळत नसतील तर बाईंच्या प्रोफाइलमध्ये एसटीटीवाय रोज २४ कॉल्स ८० लिहून टाका. रोज म्हणजे ओळी, आर-ओ-डब्ल्यू-एस. टर्मिनलच्या सेटअपमध्येही ओळी २४ च आहेत ना, तेही एकदा बघा.

---

काजवा | २८ जून, सकाळी ८:५०

शून्य शून्य दाखवत होतं. ओळ टाकली, आता लेसची शेवटची ओळ दिसते.